दहाच्या खाली

ग्रिम्सबीत आता नऊच उरलेत.
म्हणजे पुरुष. मी मोजणीत नाही.
आमच्या घरी सिनेगॉगला मशीदच म्हणत;
इथल्या मशिदीत, वरच्या बायकांच्या बाकावरून
मला नऊ टोप्या दिसतात, आणि एक हीटर.
दहावा आल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही.
मिस्टर फ्लॅक्समन दाराशी उभे राहतात,
गोदीकडून येणारा प्रत्येक माणूस
यहुदी निघावा अशा आशेने.

नोव्हेंबरात तो अध्याय येतो,
अब्राहाम देवाशी घासाघीस करतो तो.
त्या गावात पन्नास भले निघाले तर?
पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस?
रागावू नकोस, शेवटचं विचारतो, दहा?
देव म्हणतो, बरं, दहा.
आणि अब्राहाम तंबूकडे वळतो.

मला हे कधीच पटलं नाही.
माझी आई रेवदंड्याच्या बाजारात
पापलेटाच्या वाट्यावरून कोळणीशी भांडायची,
तीन पावलं निघून जायची,
मागून हाक येणारच हे ठाऊक असल्यासारखी.
ती दहावर थांबली नसती.
पाच म्हणाली असती. एक म्हणाली असती.
वर एक बांगडा टाक, म्हणाली असती.

फेब्रुवारीत पत्र आलं, ज्यूरीला या.
तिथे मला मोजलं. बारांतली सातवी.
पिंजऱ्यात रीस थर्लबी, वय एकोणीस,
बापाचा कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.
मासे धुरावायच्या जुन्या बंद शेडला
त्याने गंमत म्हणून काडी लावली.
आत एक माणूस निजला होता.
त्याचं नाव सरकारी वकिलाने
दोनदा चुकीचं घेतलं.

तिसऱ्या दिवशी जज म्हणाले,
एकमत होत नसेल, तर आता
दहा जणांचं चालेल.

दहा.
मी वर पाहिलं. वर ट्यूबलाइट होती.

खोलीत काय झालं ते सांगायला कायद्याने बंदी आहे
आणि मी कायद्याला भिते.
बाहेर येऊन आमच्यातला पुढारी म्हणाला,
दोषी. दहा विरुद्ध दोन.
त्या दोघांत मी होते की नव्हते
हे देवाला ठाऊक असेल;
मी त्यालाही सांगितलेलं नाही.

मोशे एकदा म्हणाला होता, यांना सोड,
नाहीतर तुझ्या वहीतून माझं नाव खोड.
त्या रात्री ओट्याशी भांडी घासता घासता
मीही म्हणणार होते. मग वाटलं,
नाव वहीत आहे का ते तरी आधी बघावं.
आणि मागायचं कोणासाठी?
मोठ्या कोटातल्या पोरासाठी,
की त्या जळालेल्यासाठी, ज्याच्या नावाने
कुठल्याच दारात दहाजण जमणार नाहीत?
एका तोंडाने दोघांसाठी कसं मागतात
हे आईने शिकवलं नाही.

सकाळी उठून अब्राहामाने पाहिलं
तेव्हा भट्टीसारखा धूर चढत होता.
इथे धूरही नाही. शेडच्या जागी तारेचं कुंपण,
त्यावर सीगल, आणि कुणीतरी बांधलेली
प्लॅस्टिकची फुलं, रंग उडालेली.

परवा फ्रीमन स्ट्रीटच्या बाजारात
हॅडॉकच्या काउंटरवर माझ्यापुढे त्याची आई होती.
कोर्टात रोज त्याच खुर्चीत बसायची,
मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.
तिने मला ओळखलं नाही. किंवा ओळखलं.
किती देऊ, मासेवाल्याने विचारलं.
ती बर्फाकडे बघत राहिली.
मागची रांग खोकली.
"एक," ती म्हणाली. "एकच."

त्याने तोलला, कागदात गुंडाळला.
ती नाणी मोजत होती, तेवढ्यात
मी तोंडातल्या तोंडात म्हटलं,
ऐकलंस ना?
परवडतंय का, बोल.